तात

अब्बांच्या सायकलीला दोन घंट्या होत्या.
हँडलवरची कधीच वाजली नाही.
दुसरी म्हणजे पिंजणाची तात,
गावात शिरताना बोटाने छेडायची :
धुंग.
की बायका ओट्यावर. गादी आहे म्हणायच्या,
दोन उशा आहेत, पण कापूस गोळा झालाय बघा.

त्या साली तासगावातून निघताना
इलाही तांबोळ्यांनी मागून हाक मारली :
बादशा, येरळेपल्याड जाणार असशील
तर नाव विचारल्यावर मारुती सांग.
वारं चांगलं नाही. पोरी आहेत घरात.
अब्बांनी टोपी काढून खिशात घातली.
कपाळावर टोपीएवढी पट्टी
उन्हाने न रापलेली,
मी पहिल्यांदाच इतक्या उजेडात पाहिली.

पारावर पाच जण बसलेले.
नाव?
मारुती.
आडनाव?
जाधव.
गाव कुठलं?
ते तेवढं खरं सांगितलं.

रात्री भाकरी तशीच राहिली ताटात.
पिंजण भिंतीला टेकवलेलं,
अब्बा त्याच्याकडे पाठ करून बसलेले.
मी नववीत. मला वाटलं, मला येतं हे.
म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना,
मक्केत अम्मारला एवढं मारलं
की त्यांना हवं ते तो बोलून गेला,
आणि रडत आला रसूलांकडे.
त्यांनी एवढंच विचारलं, मन कसं आहे तुझं?
ईमानावर ठाम आहे, म्हणाला.
मग त्याचे डोळे पुसले त्यांनी, म्हणाले,
पुन्हा छळलं तर पुन्हा बोल तसंच.

अब्बा बराच वेळ गप्प.
बाहेर कुणीतरी बैलाला पाणी दाखवत होतं.
त्याला मारलं होतं, पोरी, ते म्हणाले.
मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.
मला चहा पाजला त्यांनी.

सकाळी टोपी घालूनच निघाले.
अर्धी गादी भरायची राहिली होती
सोनाबाई खराड्यांची.
पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं,
काही अम्मीकडून, काही वर्षांनंतर.

काय मारुती, आलास का, पारावरून कुणीतरी म्हणालं.
अब्बा सायकलवरून उतरले.
बादशहा मौला पिंजारी, म्हणाले.
काल खोटं बोललो.
कापूस खरा आहे. हात घालून बघा.

एकजण हसला.
एकाने विळ्याने तात कापली,
आवाज झाला म्हणे, पण तो नेहमीचा नव्हे.
एकजण जमिनीकडे बघत राहिला,
त्याचं नाव अब्बांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.
आणि सोनाबाई दारातून ओरडली,
माझी गादी अर्धी आहे, मी निजू कुठं?

मग अब्बा तिच्या अंगणात बसले.
पिंजण मुकं. हातानेच कापूस सोडवू लागले,
चिमूट चिमूट,
चैताचं ऊन, येरळेची वाळू पायाला चटका देणारी,
सावली सरकली तरी उठले नाहीत.
तापल्या वाळूत, छातीवर धोंडा घेऊन
बिलाल एकच शब्द बोलत होते :
अहद. एक. एकच.
अब्बांच्या छातीवर धोंडा नव्हता, मला ठाऊक आहे.
पण त्या दिवशी प्रत्येक चिमटीबरोबर
ओठ हलले असतील का त्यांचे?
मी विचारलं नाही कधी.

पैसे उंबऱ्यावर ठेवले होते, पाच रुपये कमी.
त्या गावातून पुढे दोन वर्षं
कुणी बोलावलं नाही.
ते तरी रस्ता तोच धरायचे,
नवी तात वेशीवर छेडायची
आणि सरळ पुढे निघून जायचे.

आता मी सांगलीत खोली शोधते आहे,
विश्रामबागेत, नोकरीजवळ.
फोनवरचे काका खूश आहेत.
बोलणं किती स्वच्छ आहे हो तुमचं, म्हणतात.
पाणी दोन वेळा. गच्ची मोकळी.
नाव काय म्हणालात?

अजून म्हणाले नव्हते.
तात पिळून ताणायला लागतो
तेवढाच वेळ जातो.

जरीना बादशहा पिंजारी.

काकांनी फोन ठेवलेला नाही.
त्यांचा श्वास ऐकू येतोय मला,
आणि त्यांना माझा.